मी ज्याला नाही म्हणत होते ती उत्क्रांती नव्हतीच

शाळेच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा असावा की नसावा यावरून दर थोड्या वर्षांनी कुठे ना कुठे वाद पेटतो आणि बातम्यांत येतो. १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी एका शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला. ८० वर्षांनी, २००५ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळांवरून तोच वाद वेगळ्या रूपात कोर्टात गेला, आणि जीवांमागे कुणी बुद्धिमान रचनाकार आहे ही मांडणी विज्ञान नव्हे, ती विज्ञानाच्या तासाला शिकवता येणार नाही असा निकाल लागला. वाद तरीही संपलेला नाहीच. आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की हे विज्ञान विरुद्ध धर्म असं भांडण आहे, आपण फक्त बाजू निवडायची.

मी बरीच वर्षं दुसऱ्या बाजूला होते, आणि अगदी मनापासून होते. कुणी उत्क्रांतीचा विषय काढला की माझ्याकडे प्रश्न तयार असायचे, आणि समोरच्याला बहुतेक वेळा उत्तरं द्यायला जमायचं नाही, त्यामुळे माझं मत आणखी पक्कं व्हायचं. पुढे ते बदललं. एका रात्रीत नाही, चारपाच वर्षं लागली. ज्या क्रमानं मला गोष्टी कळत गेल्या साधारण त्याच क्रमानं लिहितेय, कारण तेव्हा मला जे विचारायचं होतं तेच आजही खूप जण विचारतात.

## मी नेमकं काय मानत होते

घरात लहानपणापासून ऐकलेलं असं की देवानं प्रत्येक जीव वेगवेगळा घडवला, घोडा घोडा म्हणून, मासा मासा म्हणून, माणूस माणूस म्हणून, आणि तेव्हापासून ते तसेच आहेत. याला निर्मितीवाद म्हणतात. त्यातही प्रकार आहेत. काही जण पृथ्वीच जेमतेम ६,००० वर्षांची मानतात. १७ व्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाला असं काढलं होतं. काही जण पृथ्वी जुनी आहे हे मानतात पण जीवांचे पूर्वज एक आहेत हे मानत नाहीत. मी या दुसऱ्या गटातली.

माझा मुख्य मुद्दा घड्याळाचा होता. रस्त्यात घड्याळ पडलेलं दिसलं तर ते आपोआप बनलं असं कुणी म्हणत नाही, ते बनवणारा कुणीतरी असणारच, मग डोळ्यासारखी गोष्ट आपोआप कशी? हा युक्तिवाद विल्यम पेली या इंग्लिश धर्मोपदेशकानं १८०२ मध्ये मांडला होता, आणि चार्ल्स डार्विनलाही केंब्रिजला शिकत असताना तो फार आवडला होता. तेव्हा हा युक्तिवाद मूर्खपणाचा अजिबात नाही, मला तो आजही मूर्खपणाचा वाटत नाही.

माझ्या डोक्यात उत्क्रांतीचं जे चित्र होतं ते मात्र असं: कधीतरी एका माकडिणीला माणसाचं पोर झालं, हे सगळं निव्वळ योगायोगानं झालं, आणि हे मानायचं म्हणजे देव नाही असं मानायचं. खरं सांगायचं तर या तीनपैकी एकही गोष्ट उत्क्रांती म्हणत नाही. मी इतकी वर्षं ज्याला तावातावानं नाही म्हणत होते ते कुणी होय म्हणतच नव्हतं.

## मग ती म्हणते तरी काय

तीन साध्या गोष्टी धरा. एकाच आईबापाची पिल्लं सुद्धा एकसारखी नसतात. त्यांच्यातले बरेचसे फरक वारशानं पुढच्या पिढीत जातात. आणि जितकी पिल्लं जन्माला येतात तितकी सगळी जगून, वाढून त्यांना पिल्लं होत नाहीत. बस, एवढंच. ज्या फरकामुळे त्या ठिकाणी, त्या हवामानात जगायला किंचित सोपं जातं तो फरक असलेल्यांची पिल्लं थोडी जास्त उरतात, म्हणून पुढच्या पिढीत तो फरक थोडा जास्त दिसतो. याला नैसर्गिक निवड म्हणायचं. नवे फरक येतात कुठून, तर डीएनएची नक्कल होताना चुका होतात, त्यांना म्युटेशन म्हणतात. या चुका आंधळ्या असतात, जीवाला काय हवंय हे बघून त्या होत नाहीत.

मी नेहमी इथेच अडायचे. चुका आंधळ्या म्हणजे सगळं योगायोगच की! पण नाही. वाळू आणि खडी मिसळलेला ढीग चाळणीत टाका. कुठला कण चाळणीच्या कुठल्या भोकापाशी येईल हा योगायोग, पण खाली वाळू पडते आणि वर खडी राहते हा योगायोग नाही. म्युटेशन म्हणजे तो ढीग, आणि निवड म्हणजे चाळणी. ढिगाकडेच बघत बसलं तर सगळं निरर्थक वाटतं, मी नेमकी ढिगाकडेच बघत बसले होते.

आणि माकडिणीला माणसाचं पोर? याचं उत्तर मला भाषेत सापडलं. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आज वाचायला घेतली तर खाली अर्थ दिलेला लागतो, आणि त्याच्याही मागे गेलं तर प्राकृत लागते, तिला आपण मराठी म्हणतच नाही. पण या सगळ्या काळात अशी एकही आई झाली नाही जी प्राकृत बोलत होती आणि तिचं लेकरू मराठी बोलायला लागलं. प्रत्येक आईला तिच्या लेकराची भाषा कळत होती, प्रत्येक लेकराला आईची. तरी भाषा बदलली. अमुक वारी मराठी सुरू झाली असा दिवस दाखवता येत नाही, तसाच पहिला माणूस असा एक कुणी दाखवता येत नाही. प्रत्येक पोर आपल्या आईच्याच जातीचं होतं.

## माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

हा माझा लाडका प्रश्न होता, आणि भाषेचं उदाहरण कळल्यावर तो आपोआप सुटला. हिंदी आहे म्हणून मराठी संपायला हवी होती का? मराठी हिंदीतून आलेली नाही, हिंदी मराठीतून आलेली नाही, दोघींची मूळं मागे कुठेतरी एकत्र होतात. तसंच चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, तो ना आजचा चिंपांझी होता ना माणूस. त्याच्या वंशाच्या दोन फांद्या झाल्या, एकीवर ते आहेत, एकीवर आपण.

## मनगटातली दोरी

आता एक करून बघा. हात टेबलावर पालथा नको, उताणा ठेवा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडंसं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या बरोबर मधोमध एक दोरी ताठ वर येते का? आली तर ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची शीर आहे, रक्ताची नव्हे, स्नायूच्या टोकाची दोरी, टेंडन. आली नाही तरी घाबरू नका, बऱ्याच लोकांना ती नसते, कुणाच्या एकाच हाताला असते, आणि नसलेल्यांची पकड काही कमी भरत नाही. सर्जनला दुसरीकडे शिवायला शीर लागली तर हीच काढून वापरतात, आणि हाताला फारसा काही फरक पडत नाही. झाडांवर राहणाऱ्या, हातांवर भार टाकून फिरणाऱ्या माकडांत हा स्नायू चांगला भरलेला असतो.

मला हे पहिल्यांदा एका डॉक्टर मैत्रिणीनं दाखवलं. माझ्या डाव्या हाताला दोरी आली, उजव्या हाताला आलीच नाही. मी दोन्ही हात कितीतरी वेळ बघत बसले होते. उत्क्रांतीचा विषयही नव्हता तेव्हा, ती सहज सांगत होती. पण माझ्या मनात आलं की मला जर आराखडा काढून घडवलंय तर एका हाताला ही दोरी का दिली आणि दुसऱ्या हाताला का नाही?

मग अशा गोष्टी दिसायला लागल्या. थंडी वाजली की अंगावर काटा येतो. केसाळ प्राण्याचे केस असे उभे राहिले तर मधे हवा अडकून ऊब मिळते, आपल्या अंगावर तेवढे केसच नाहीत, पण प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तो उभा करणारा चिमुकला स्नायू अजून आहे. पोटातल्या बाळाच्या अंगावर पाचव्या महिन्याच्या सुमाराला मऊ लव येते, आणि बहुतेकदा जन्माआधीच गळून जाते. एकएकट्या या गोष्टींनी माझं मत बदललं असतं असं नाही. देवाला तसं करावंसं वाटलं, असं म्हणून मी पुढे जाऊ शकत होते आणि बराच काळ गेलेही.

## दोन पेपरांत एकच चूक

पण व्हिटॅमिन सीपाशी मला असं पुढे जाता येईना.

बहुतेक सस्तन प्राण्यांना आहारातून व्हिटॅमिन सी मिळावं लागत नाही, त्यांचं यकृत ते साखरेपासून बनवतं. आपल्याला बनवता येत नाही, म्हणून पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणारे खलाशी स्कर्व्हीनं मरायचे. आता गंमत बघा, ते बनवायच्या शेवटच्या पायरीला जे जीन लागतं, जीन म्हणजे डीएनएमधली एका कामाची सूचना, ते आपल्याकडे आहे. पण मोडकं. त्याचे तुकडे गायब आहेत, ते वाचून काही तयार होत नाही. आणि ते मोडकं जीन चिंपांझीकडे आहे, गोरिलाकडे आहे, ओरांगउटानकडे आहे, माकडांकडे आहे, आणि मोडतोड बऱ्याच अंशी तीच आहे.

निर्मितीवादी म्हणून माझं ठरलेलं उत्तर असं होतं की एकाच कारागिरानं केलेल्या वस्तूंत सारखेपणा असणारच, त्यात काय. हे उत्तर चालू भागांना लागू पडतं. सगळ्यांना हृदय आहे, कारण हृदय कामाचं आहे. पण मोडक्या भागाचं काय? परीक्षेत दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखंच असलं तर कुणी संशय घेत नाही, बरोबर उत्तर एकच असतं. पण दोन पेपरांत तेच चुकीचं स्पेलिंग, तीच खाडाखोड, तोच अर्धवट सोडलेला शब्द दिसला तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की एकाच पेपरावरून दोन्ही उतरलेत. सारख्या चुका वारशानं येतात.

गिनीपिगलाही व्हिटॅमिन सी बनवता येत नाही हे वाचल्यावर मला वाटलं सापडली पळवाट, तो काही आपला जवळचा नातेवाईक नाही. पण त्याचं जीन वेगळ्या तऱ्हेनं मोडलंय. म्हणजे दुसऱ्या घराण्यात, स्वतंत्रपणे झालेली मोडतोड. नातं जवळचं तिथे चूक तीच, नातं लांबचं तिथे चूक वेगळी. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी वाढवून सांगत नाहीये. खोटं कोण बोलतंय असा प्रश्न मनात येत होता, आणि घरच्यांपैकी कुणीच खोटं बोललेलं नव्हतं, त्यांना जे मिळालं तेच त्यांनी प्रेमानं मला दिलं होतं.

## जोडलेली चादर

याच्या जोडीला अजून एक. आपल्या पेशीत डीएनए गुंडाळ्यांमध्ये असतो, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसात त्यांच्या २३ जोड्या, आणि चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या तिघांतही २४. समान पूर्वज खरा असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली तर जीव वाचत नाही. म्हणजे एकच शक्यता उरते की आपल्या वंशात कधीतरी दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असणार. हे तपासता येतं.

प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना ठरावीक अक्षरांची पुन्हा पुन्हा येणारी पट्टी असते, चादरीला काठ असतो तशी. दोन चादरी टोकाला टोक लावून शिवल्या तर काय दिसेल? काठ कडेला तर असतीलच, पण मधेही दिसेल, काठाला काठ भिडलेला. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र बघितलं तर नेमकं तेच दिसतं, आत काठाची पट्टी, तीही समोरासमोर उलटी भिडलेली. शिवाय प्रत्येक गुणसूत्रात एक आवळलेली गाठ असते, इथे एक चालू गाठ आणि दुसऱ्या, आता बंद पडलेल्या गाठीच्या खुणा. हा जोड १९९१ मध्ये दाखवला गेला. आधी अंदाज, मग तपासणी, आणि तपासणीत तेच निघालं.

## मधले दुवे कुठे आहेत?

फॉसिल, म्हणजे दगडात उरलेले जुन्या जीवांचे अवशेष, यात सलग साखळी नाही हा आक्षेप अर्धा खरा आहे. मेलेला प्रत्येक जीव दगडात टिकत नाही, फार थोडे टिकतात, त्यातले फार थोडे सापडतात. पण सापडतात ते कुठे आणि कुठल्या वयाच्या दगडात सापडावेत हे उत्क्रांती आधी सांगू शकते का, हा खरा प्रश्न.

फॉसिल शोधणाऱ्या नील शुबिन, टेड डेशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं धरलं की साधारण ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत मांसल परांचे मासे मिळतात, ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत पाय असलेले प्राणी, तर मधला काहीतरी ३७.५ कोटी वर्षांच्या आसपासच्या, उथळ नदीपात्राच्या गाळाच्या दगडात मिळायला हवा. तसा दगड कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समियर बेटावर उघडा आहे हे नकाशावरून बघून ते तिथे जात राहिले, काही उन्हाळे हाती फारसं लागलं नाही, आणि २००४ मध्ये टिकटालिक नावाचा जीव सापडला. अंगावर खवले आणि पर माशाचे, पण डोकं मगरीसारखं चपटं, मान फिरणारी, आणि परांच्या आत खांदा, कोपर आणि मनगटासारखी हाडं.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१० मध्ये पोलंडमध्ये याहून जुन्या, जवळपास ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या प्राण्यांच्या पाऊलखुणा मिळाल्याचं जाहीर झालं, म्हणजे टिकटालिक आपला थेट पणजोबा नाही, त्या घराण्यातला चुलत पणजोबा म्हणा. वेळापत्रक मागे सरकलं, पाण्यातून जमिनीवर येणं खोटं ठरलं नाही. मी आधी असा बदल दिसला की म्हणायचे, बघा यांचं काही पक्कं नाही. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये 'सापडलेल्या' पिल्टडाउन माणसाची कवटी बनावट निघाली हेही मी मोठ्या आनंदानं सांगायचे. ती बनावट आहे हे १९५३ मध्ये शास्त्रज्ञांनीच उघड केलं, आणि करायचं एक कारण हे की ती बाकी खऱ्या फॉसिलशी जुळतच नव्हती, हे मात्र मी कधी सांगत नव्हते, कारण तेवढं मी वाचलंच नव्हतं.

## पण एवढा वेळ होता का?

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तो पायांनी मोजला. एक पाऊल म्हणजे १०० वर्षं असं धरा. ६० पावलं चाललं की झाली ६,००० वर्षं, सगळा लिखित इतिहास जवळजवळ त्यात आला. आपली माणसाची जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे ३,००० पावलं, दोन सव्वादोन किलोमीटर. चिंपांझीशी समान पूर्वजापर्यंत जायचं तर पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर. आणि पृथ्वीच्या सुरुवातीपर्यंत? सुमारे ३४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ अख्खी प्रदक्षिणा. मी साठ पावलांकडे बघून म्हणत होते की एवढ्यात हे कसं होईल. साठ पावलांत खरंच होत नाही.

हे वय कार्बनवरून काढतात असा बऱ्याच जणांचा समज आहे, माझाही होता. कार्बनची पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. जुन्या दगडांसाठी युरेनियम वापरतात, तो ठरावीक वेगानं शिशात बदलत जातो. युरेनियमचे दोन प्रकार असतात, एक अर्धा व्हायला ४४७ कोटी वर्षं घेतो, दुसरा ७० कोटी. एकाच खड्यात अशी दोन वेगळ्या चालीची घड्याळं आणि दोन्ही तीच वेळ दाखवतात, तेव्हा दोन्ही सारखीच चुकली म्हणायला फार मोठा योगायोग मानावा लागतो. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधलं शिसं मोजून ४५५ कोटी हा आकडा काढला, आजचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे.

## डोळा आपोआप कसा होईल?

अर्धा डोळा काय कामाचा, असं मी विचारायचे. पण अर्धे डोळे आज जिवंत प्राण्यांत आहेत आणि कामाचे आहेत. काही चपट्या किड्यांना फक्त वाटीसारखा खळगा असतो, उजेड कुठल्या बाजूनं येतोय एवढं कळतं, सावलीत पळायला तेवढं पुरतं. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा डोळा म्हणजे नुसतं बारीक भोक, भिंग नाही, तरी अंधुक चित्र दिसतं. १९९४ मध्ये डॅन निल्सन आणि सुझॅन पेल्गर यांनी सपाट डागापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत अगदी छोट्या छोट्या सुधारणा धरून हिशोब केला, तो ४ लाख पिढ्यांच्या आत बसला.

आणि आपल्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशींच्या तारा पडद्याच्या पुढून जातात, मग मागे जायला त्यांना पडद्यातच भोक पाडावं लागतं, म्हणून प्रत्येक डोळ्याला एक आंधळा ठिपका आहे. ऑक्टोपसच्या डोळ्यात तारा मागून आहेत, ठिपका नाही. पेलीचं घड्याळ हातात घेऊन मी इतकी वर्षं उभी होते, पण आतलं यंत्र नीट उघडून बघितलंच नव्हतं.

## डोळ्यांदेखत होताना कुणी पाहिलंय?

हो. गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून फिंच पक्षी मोजत होतं. १९७७ च्या दुष्काळात मऊ बारीक बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या, बरेचसे पक्षी मेले, जे वाचले त्यांत जाड चोचीचे जास्त होते आणि पुढची पिल्लंही जाड चोचीची निघाली. मी म्हणायचे, शेवटी फिंच तो फिंचच ना.

रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग मग वाचला. २४ फेब्रुवारी १९८८ ला त्यांनी एकाच जिवाणूच्या १२ बाटल्या लावल्या आणि रोज नव्या खुराकात थोडे थोडे हलवत राहिले. खुराकात सायट्रेट (लिंबातल्या आंबट द्रव्याचं एक रूप) होतं पण प्राणवायू असताना हा जिवाणू ते खाऊ शकत नाही, ती त्याची ओळखच मानली जाते. ३१,००० हून जास्त पिढ्या झाल्यावर, २००३ मध्ये, बारापैकी एका बाटलीतले जिवाणू ते खायला लागले. जुने नमुने गोठवून ठेवलेले असल्यामुळे परत मागे जाऊन तपासता आलं, तर कळलं की आधी दुसरे काही बदल झाले होते म्हणून हा बदल शक्य झाला, एका फटक्यात नाही. हो, ते अजून जिवाणूच आहेत. पण माणसाच्या हिशोबात ३१,००० पिढ्या म्हणजे जेमतेम साडेसात-आठ लाख वर्षं, आपल्या चालण्यातले सहा किलोमीटर.

## "ही तर फक्त थिअरी आहे"

बोलण्यात आपण थिअरी म्हणजे अंदाज या अर्थानं वापरतो. विज्ञानात थिअरी म्हणजे खूप पुराव्यांना एकत्र बांधणारं, तपासून टिकलेलं स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच आहे, आणि आपण हात धुतो.

पहिला जीव कसा झाला हे उत्क्रांती सांगत नाही, तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर काम चालू आहे. भाषा कशा बदलल्या हे कळायला पहिला शब्द कुणी उच्चारला हे माहीत असावं लागत नाही, तसंच हे.

## मला खरी भीती कशाची होती

पुरावे कळायला मला एखाद वर्ष लागलं असेल. उरलेली वर्षं भीतीत गेली. हे मान्य केलं तर प्रार्थना कुणाची करायची? माणूस प्राणीच असेल तर प्राण्यासारखं वागायला आडकाठी कुणाची? आणि सगळ्यात मोठी, जी मी कुणाला सांगितली नव्हती, ती अशी की मी माझ्या माणसांपासून तुटेन.

डार्विन स्वतः केंब्रिजला धर्मोपदेशक व्हायच्या तयारीनं शिकला होता. बीगल जहाजावरून १८३१ ते १८३६ फिरून आल्यावर त्याचं मत हळूहळू बदललं, आणि १८४४ च्या जानेवारीत जोसेफ हूकर या मित्राला त्यानं लिहिलं की जीवजाती कायम तशाच राहत नाहीत असं मला आता जवळजवळ पटलंय, आणि हे सांगताना खून कबूल केल्यासारखं वाटतंय. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. हे वाचून मला रडू आलं होतं, कारण नेमकं तसंच वाटत होतं.

देवाचं म्हणाल तर, थिओडोसियस डोबझान्स्की या मोठ्या जनुकशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये लिहिलं की उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रातल्या कशालाच अर्थ लागत नाही, आणि त्याच लेखात स्वतःला निर्मिती आणि उत्क्रांती दोन्ही मानणारा म्हटलं. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काहीतरी आहे असं म्हटलं. तर बरेच जण हे मानून देव सोडत नाहीत आणि काही जण सोडतात, उत्क्रांती त्याचा निकाल देत नाही. कसं झालं याचं ती उत्तर देते. कुणी आणि कशासाठी हे प्रश्न मी अजून प्रार्थनेतच विचारते.

नीतीचं मला असं वाटतं की निसर्गात काय होतं आणि आपण काय करावं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुरुत्वाकर्षणामुळे वस्तू खाली पडतात म्हणून कुणाला ढकलून द्यावं असं कुणी म्हणत नाही.

घरी सांगायला मात्र मी फार उशीर केला. सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही तुला चुकीचं शिकवलं?" मी म्हटलं, "बाबा, खरं काय ते शोधायचं हे तुम्हीच शिकवलंत." त्यांना ते पटलं असं नाही. आम्ही वाद घातला नाही, मी फक्त त्यांना हात उताणा ठेवायला सांगितला, अंगठा करंगळीला लावून मनगट वाकवायला सांगितलं. त्यांच्या दोन्ही हातांना दोरी आली, अगदी ठळक. मग त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि अंगठ्यानं मनगटाचा मधला भाग दाबत दाबत ती शोधत राहिले.